अक्रोडाखालचा झेंडा

आमच्या झेंड्याखाली पहिला माणूस मेला तो हंगेरीतल्या सोप्रोनचा एक विद्यार्थी होता. झेंड्याच्या काठीला दोन्ही हातांनी मिठी मारून तो ओरडत होता, "ऑस्ट्रिया! ऑस्ट्रिया!" आम्ही शंभरेक पावलांवर बीट उपटत होतो. मी त्याला हात हलवून दाखवला. तेवढ्यात धुक्यातून दोन गोळ्या आल्या. एक काठीला लागली, दुसरी त्याच्या मानेत घुसली. काठी न सोडता तो खाली घसरत गेला. मग पलीकडून दोन शिपाई सावकाश चालत आले, त्यांनी त्याचे पाय धरले आणि त्याला ओढत नेलं. त्याचं डोकं ढेकळांवरून आपटत गेलं. आम्ही बघत राहिलो.

सरहद्दीवरचा आमचा पोलीस लोरेन्झ धावत आला. त्याने जमिनीतला सरहद्दीचा पांढरा दगड पाहिला, मग पुढचा झेंडा पाहिला, आणि बाबांकडे वळला.

"फ्लोरियानकाका, हा झेंडा कुठे लावलाय तुम्ही?"

"माझ्या शेताच्या बांधावर."

"मी तुम्हाला सरहद्दीवर लावायला सांगितलं होतं. बांधावर नाही."

"माझ्या बापाच्या वेळी दोन्ही एकच होतं."

"तुमचा बाप मेलाय, काका!"

"मग मलाच विचारावं लागणार ना तुला," बाबा म्हणाले.

ही छप्पन्न सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. हंगेरीत उठाव झाला होता, रशियन रणगाडे परत शिरले होते, आणि माणसं आमच्याकडे पळत येत होती. आमचा देश तटस्थ होऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं. सैन्य तर त्याहून नवं. पोरांच्या हातात बंदुका येऊन पाच-सहा आठवडे झाले होते. त्यांना हुकूम एकच: शस्त्र घेऊन कोणी रेषेच्या आत आला तर आधी हाक द्या, मग गोळी. रेषेपलीकडे काहीही घडो, बोट हलवायचं नाही.

बाबा म्हणायचे, "तटस्थ म्हणजे काय, तर शेजाऱ्याच्या घराला आग लागली की आपल्या अंगणात बादली घेऊन उभं राहायचं. आणि बादली रिकामी आहे हे कुणाला सांगायचं नाही."

रेषा दिसावी म्हणून गावातल्या बायकांनी लाल-पांढऱ्या-लाल पट्ट्यांचे झेंडे शिवले. माझ्या लग्नासाठी ठेवलेली पांढरी चादर त्यातच गेली. आमच्या शेताजवळचे आठ झेंडे लावायचं काम बाबांकडे आलं, कारण तिथली जमीन त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. आमचा द्राक्षमळा पूर्वी अक्रोडाच्या झाडापर्यंत होता. बावीस साली सरहद्द ठरवणारे साहेब आले आणि मळ्याच्या मधोमध दगड पुरून गेले. वेलींच्या अकरा ओळी आणि अक्रोड हंगेरीत गेला. पुढे तारा आल्या, सुरुंग आले, वेली मेल्या. अक्रोड तेवढा उरला. त्या उन्हाळ्यात हंगेरीवाल्यांनी तारा आणि सुरुंग स्वतःच काढले, तेव्हापासून बाबा रोज संध्याकाळी दगडापाशी उभे राहून अक्रोडाकडे बघत.

झेंडे लावायला गेलो तेव्हाही ते दगडापाशीच थांबले होते. काठ्या खांद्यावर, हातोडा माझ्या हातात. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. मीच म्हणाले, "काय बाबा, अक्रोड आपलाच ना? की घाबरलात?"

ते माझ्याकडे बघून हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आम्ही तेवीस पावलं पुढे गेलो. झाडाखाली त्यांनी काठी धरली, मी हातोडा मारला. बाकीचे सात झेंडेही त्याच ओळीत लावले. पहिले काही आठवडे पलीकडचे शिपाई स्वतःच तोंड फिरवून उभे राहायचे, माणसं झेंडा ओलांडून सरळ गावात यायची, त्यामुळे झेंडा कुठे आहे हे कुणी मोजलंच नाही. मग ते शिपाई बदलले आणि नवे आले.

विद्यार्थी मेला त्याच्या आदल्या दिवशी मी हेर्मिनेला चिठ्ठी पाठवली होती. हेर्मिने माझी थोरली बहीण. सत्तेचाळीस साली ती पलीकडच्या गावात लग्न करून गेली, आणि मग तारा आल्या. अवघ्या दोन कोसांवर असून आठ वर्षांत मी तिला पाहिलं नव्हतं. तिच्या नवऱ्याला रशियनांनी धरून नेलं होतं. आता ती आणि चार वर्षांची झोफी. विन्झे नावाचा एक माणूस आईला आणायला परत हंगेरीत चालला होता, त्याच्या बुटात मी चिठ्ठी घातली. शब्द न् शब्द मला पाठ आहे.

"गुरुवारी पहाटे ये. अक्रोडाखाली आमचा झेंडा आहे. झेंड्याला हात लागला की तू ऑस्ट्रियात आलीस. तिथेच बस. पुढे दलदल आहे, वाट चुकशील. ओरडू नकोस. मी न्यायला येईपर्यंत जागची हलू नकोस."

विन्झे पुन्हा दिसला नाही. विद्यार्थी मेला तो बुधवार होता.

मी लोरेन्झचा कोट धरून सगळं सांगितलं. त्याने लेफ्टनंटला बोलावलं. तो टायरोलच्या डोंगरातला, चोवीस वर्षांचा, नाकावर पुटकुळी. त्याने नकाशा पाहिला आणि त्याचं तोंड पांढरं पडलं.

"हे झेंडे काढायला आपण गेलो तर आपलं सैन्य दुसऱ्या देशात शिरलं असं होतं," तो म्हणाला. "आणि नाही काढले तर दुसऱ्याच्या जमिनीवर आपण आपला झेंडा लावून बसलोय."

"मी काढून आणतो," बाबा म्हणाले. "मी काही देश नाही."

"तुम्हाला गोळी लागली तर उद्या मॉस्कोचा रेडिओ सांगेल, ऑस्ट्रियाने माणसं आत घुसवली. रणगाडे इथून एका तासावर आहेत, आजोबा."

"आजोबा कुणाला म्हणतोस?"

"थांबा. व्हिएन्नाला विचारतो."

संध्याकाळी उत्तर आलं. लेफ्टनंटने कागद वाचून दाखवला: काहीही हालचाल करू नये, हंगेरीला द्यायच्या पत्राचा मसुदा तयार होत आहे. आमच्या दारात त्याने दोन जवान उभे केले, बाबा निसटू नयेत म्हणून. बाबांनी त्यांना चरबी लावलेला पाव दिला आणि मनसोक्त शिव्याही दिल्या.

पहाटे मात्र त्याने आम्हाला दगडापर्यंत येऊ दिलं. "ती दिसली की हाका मारा," तो म्हणाला. "हाक मारायला बंदी नाही." लोरेन्झ बंदूक घेऊन दगडाला लागून उभा होता. बाबांच्या हातात मळ्यातली कुदळ होती. कुदळ कशाला, असं कुणी विचारलं नाही. इथे म्हातारे कुदळ घेऊनच फिरतात.

सव्वासातला धुकं विरळ झालं आणि अक्रोडामागून हेर्मिने आली. पाठीवर झोफी, डोक्याला राखाडी रुमाल. मी तिला चालण्यावरून ओळखलं. ती झेंड्यापाशी पोचली, कापडाला हात लावला, चेहऱ्यावरून फिरवला. मग झोफीला खाली उतरवलं आणि खोडाला टेकून बसली. पिशवीतून पाव काढून तिने झोफीला दिला.

"हेर्मिने!" मी ओरडले. "पळ! उठ, इकडे पळ!"

तिने मला पाहिलं. हसली. आणि ओठांवर बोट ठेवलं. ओरडू नकोस असं मीच तर लिहिलं होतं. लहानपणापासून मीच बडबडी, तीच मला गप्प करायची.

"अगं, झेंडा खोटा आहे! ती जागा हंगेरीत आहे!"

ती मान हलवत राहिली. वारा तिच्याकडून आमच्याकडे वाहत होता, तिला काय ऐकू गेलं असेल कोण जाणे. मी पुढे झेपावले, लोरेन्झने माझा दंड पकडला.

"सोड मला!"

"तू गेलीस की ते गोळी घालतील. आणि मला इथे उभं राहून बघावं लागेल. समजतंय का तुला?"

शिपाई आले तेव्हा तिची पाठ त्यांच्याकडे होती. दोघं होते. एकाने तिचा रुमाल केसांसकट धरला आणि तिला मागे उलथवलं. दुसऱ्याने पोटात लाथ घातली. तिच्या तोंडून आवाज आला नाही. पाव हातात धरून झोफी उभीच होती. पहिल्याने बंदुकीचा दस्ता हेर्मिनेच्या तोंडावर मारला. दात पडल्याचा आवाज मला तेवीस पावलांवरून ऐकू आला. लोरेन्झ म्हणायचा ते शक्य नाही. मला ऐकू आला.

तेवढ्यात बाबा निघाले. पळाले नाहीत. वेलीत तण काढायला जावं तसे चालत गेले, कुदळ खांद्यावर. लेफ्टनंट मागून ओरडत होता, "फ्लोरियान पिंटर! परत या! हुकूम आहे!" बाबांनी वळून पाहिलं नाही.

"माझ्या शेतातून बाहेर व्हा," ते हंगेरियनमध्ये म्हणाले.

दस्ता मारणारा शिपाई हसला. वयाने विशीतला असेल. "कुणाचं शेत, म्हाताऱ्या?"

"माझं. माझ्या बापाचं. आणि ती माझी मुलगी."

शिपायाने बंदूक वर करायच्या आत बाबांनी कुदळ चालवली. ती त्याच्या गळ्याच्या हाडात रुतली आणि तिथेच अडकली. तो गुडघ्यांवर आला, दोन्ही हातांनी लोखंड उपटायला बघत होता. दुसऱ्याने बाबांच्या छातीत गोळी घातली. बाबा खाली बसले. त्याने आणखी दोन घातल्या. बाबा खोडाला टेकून राहिले, बरोबर हेर्मिने बसली होती तिथे.

लोरेन्झची पकड कधी सुटली मला कळलं नाही. मी पळत होते. हेर्मिने झोफीला छातीशी धरून रांगत येत होती, तोंडातून रक्ताची धार. मी झोफीला हिसकून घेतलं, बहिणीच्या काखेत हात घातला आणि ओढू लागले. मागून गोळी आली. हेर्मिने एकदम जड झाली. तिच्या डाव्या गुडघ्याचं काही उरलं नव्हतं. मी ओढत राहिले. विद्यार्थ्याला ओढत नेलं होतं तसंच, फक्त उलट्या दिशेने.

शिपाई मागे धावत आला. माझ्या वेणीला त्याचा हात लागला तोच लोरेन्झ ओरडला, "थांब! शस्त्र टाक!" बंदुकीची नळी त्या शिपायाच्या छातीला टेकली होती. शिपायाने खाली पाहिलं. त्याचा एक बूट पांढऱ्या दगडाच्या अलीकडे होता. त्याच्या नाकातून पाणी गळत होतं. त्याने बूट उचलला, पलीकडे ठेवला आणि मागे मागे जात धुक्यात नाहीसा झाला.

आम्ही रेषेच्या आत होतो. झोफीच्या मुठीत पाव होता.

बाबा चार दिवस अक्रोडाखाली बसून होते. मेलेल्या शिपायाला पलीकडच्यांनी नेलं, बाबांना हात लावला नाही. आम्हालाही लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी बाबांच्या टोपीवर बर्फ साठला. तिसऱ्या दिवशी कावळे आले. लोरेन्झ दगडापाशी उभा राहून डबा वाजवायचा, त्यांना उडवायला. त्यालाही बंदी नव्हती.

चौथ्या दिवशी व्हिएन्नाहून एक साहेब आले. बुटांना चिखल लागू नये म्हणून त्यांनी गोणपाटावर पाय ठेवला होता. आमच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी विचारलं, "झेंडे कोणी लावले?"

मी चुलीत लाकूड सारलं.

"हे बघा, बाई. हंगेरीचं म्हणणं, ऑस्ट्रियाने सरहद्द सरकवली. आपण म्हणणार, एका शेतकऱ्याची वैयक्तिक चूक. ते हे मान्य करायला तयार आहेत. सही झाली की आज दुपारी तुमचे वडील परत मिळतील. मात्र चूक एकाचीच हवी. मयत व्यक्तीची असली तर कुणावर खटलाही होत नाही."

"साहेब, हातोडा माझ्या हातात..."

त्यांनी पेन उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. चेहरा दुष्ट नव्हता. थकलेला होता. "तुमची बहीण इस्पितळात आहे. लहान मुलगी आहे. तुम्ही तुरुंगात गेलात तर त्यांना कोण बघणार? पुन्हा विचारतो. झेंडे कोणी लावले?"

"बाबांनी," मी म्हणाले, आणि सही केली.

दुपारी तिघं शिपाई बाबांना दगडापर्यंत आणून टाकून गेले. झेंडेही त्यांनीच उपटून आणले, आठही, मोजून.

हेर्मिनेचा पाय मांडीपासून कापला. दफनाच्या आदल्या दिवशी मी इस्पितळात गेले. तिच्या जबड्याला पट्ट्या होत्या, बोलताना शब्द फुटत नव्हते.

"झेंडा तिथे कोणी लावला, बुर्गल?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. खोलीत साहेब नव्हते, कागद नव्हता. पण साहेबांपुढे एकदा बोललेलं ते तोंडात तयारच होतं.

"बाबांनी."

"चार झाडांसाठी?"

"एकाच झाडासाठी," मी म्हणाले.

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. दफनाला तिने हार पाठवला नाही. वसंतात ती झोफीला घेऊन कॅनडाला गेली. तिची पत्रं नेमाने यायची. ती सगळ्यांची चौकशी करायची, लोरेन्झची, ज्याच्याशी मी पुढे लग्न केलं, माझ्या मुलांची, शेजारणीच्या गुडघ्यांचीही. बाबांचं नाव एकदाही नाही. एकोणनव्वद साली सरहद्द उघडली तेव्हा मी अक्रोड वेचून तिला खोका पाठवला. तिने लिहिलं, पुन्हा पाठवू नकोस.

लोरेन्झ जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मला एक्याण्णव सरलं. दगडापाशी कोणी उभं नसतं, सायकलवाली पोरं त्याच्यावर पाय ठेवून पाणी पितात. मागच्या महिन्यात मी हेर्मिनेला सगळं लिहिलं. हातोडा, माझी थट्टा, बाबांचं हसणं, सही. तिला आता दिसत नाही, झोफी वाचून दाखवते.

रविवारी झोफीचा फोन आला. तिने पत्र दोनदा वाचलं म्हणे, कारण आईने दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं.

"मग? काय म्हणाली?"

"पत्र हातात घेऊन पडून राहिली, मावशी. मला वाटलं झोप लागली. मग विचारलं, झाड अजून आहे का."

"आहे."

"मी तेच सांगितलं. तर म्हणाली, मग तिला म्हणावं, यंदा अक्रोड पाठव."