पुतळीच्या मेलेल्या पेशी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. जी होती ती फक्त टबात. रोग्याने मिठाच्या पाण्यात पाय सोडायचे, डोक्यावरून चादर घ्यायची आणि गप्प बसायचं. मेलेल्या पेशी लाजाळू असतात, असं पेशीबाबा सांगत. मग ते बटण दाबत आणि पाच मिनिटांत पाण्याचा तपकिरी काढा होई.

"निघाल्या मेलेल्या! आता तुमच्या अंगातली एकही पेशी मरायची नाही."

गर्दी हात जोडे.

शिंपीणकाकूंचे सांधे असे सुजले होते, की सुई धरवत नव्हती. बाबांनी सांगितल्यावरून त्यांनी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या केरात टाकल्या. नर्स असलेल्या नणंदेने त्या उचलून आणल्या.

"वहिनी, पैज. उद्या तुमच्या जागी दुसरी बसेल. पाणी तपकिरी झालं, तर गोळ्या पुन्हा सुरू करायच्या."

"दुसरी कोण?"

"तुमच्या दुकानात काचेमागे बसून असते ती."

दुसऱ्या दिवशी दोघींनी चादरीत गुंडाळलेली 'आजारी जाऊबाई' उचलून आणली आणि तिचे पाय टबात सोडले. पाणी तपकिरी झालं.

"अरेरे, यकृत कामातून गेलंय," बाबा कळवळले. "पण बाई सोशिक. तोंडातून ब्र नाही."

"कधीपासूनचं दुखणं, बाबा?"

"लहानपणापासूनचं."

काकूंनी चादर ओढली. चादरीबरोबर दुकानातल्या पुतळीचं प्लास्टिकचं मुंडकंही निघालं आणि उसळून खुर्चीतल्या बाबांच्या मांडीवर जाऊन बसलं.

नणंदेने टबातल्या दोन कांबी वर काढल्या. "हे लोखंड. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की ते झिजतं आणि गंज पाण्यात उतरतो. पाय कुणाचे का असेनात."

"पण पेशी मरू नयेत, हे तर बरंच ना?" काकूंनी हळूच विचारलं.

"छे. रोज कोट्यवधी पेशी काम संपलं की आपणहून मरतात. रोगाशी लढणाऱ्या पेशी तयार होताना काही आपल्याच अंगावर उठणाऱ्या निघतात. शरीर त्यांना वेळीच मरायला लावतं. तुमच्यातल्या काही मरायच्या राहिल्या, त्याच सांधे कुरतडताहेत. गोळ्या त्यांना आवरतात."

काकू म्हणाल्या, "म्हणजे कच्चे टाके. शिलाई झाली की उसवायचे. राहिले की कापड ओढतं."

त्यांनी तिथेच गोळी गिळली आणि गर्दीकडे वळल्या.

"ब्लाउज शिवायला टाकताना मला दोनदा माप घ्यायला लावता. मग अंगावर उपाय करून घेताना एकदा तरी विचारा, की टबात कुणीच नसताना काय होतं?"

उत्तर द्यायला बाबा जागेवर नव्हते. खुर्चीत मुंडकं तेवढं होतं, आणि ते मात्र विचारात पडल्यासारखं दिसत होतं.