न मोजलेली खिडकी

ईप्सिताचा प्रबंध दुपारी छापायला जायचा होता, आणि त्याचं चौथं प्रकरण चुकीचं आहे हे मैथिलीला सकाळी दहालाच कळलं होतं.

दोघी श्टुटगार्टला पीएचडी करत होत्या. ईप्सिता आधुनिक इटालियन कादंबऱ्यांवरचा चित्रकलेचा प्रभाव शोधत होती. मैथिली लेझरच्या साहाय्यानं जुन्या चित्रांतले रंग ओळखायची. १९२८च्या एका कादंबरीतली निळी खिडकी लेखकानं एका चित्रावरून घेतली, असा ईप्सिताचा दावा होता. चित्रात नंतर कुणी रंग भरला नाही ना, एवढंच तिनं मैथिलीला तपासायला सांगितलं होतं. मैथिलीनं चित्रातल्या बाईच्या झग्यावर तीन ठिकाणी लेझरनं रंग मोजला. तेवढ्यात वेळ संपली, मशीन दुसऱ्याला द्यायचं होतं. ‘चित्रात नंतरचा रंग आढळला नाही,’ असं तिनं लिहून दिलं.

आज दुसऱ्या कामासाठी ते चित्र परत टेबलावर आलं. मनाला टोचत होतं म्हणून तिनं खिडकी मोजली. तो निळा रंग १९३५नंतरच बाजारात आला होता. इन्फ्रारेड फोटोत खिडकीच्या रंगाच्या थराखाली नुसती भिंत रंगवलेली दिसली. म्हणजे खिडकी कादंबरीनंतरची. कुणी सांगावं, कादंबरी वाचूनच काढलेली असेल.

ती छपाईच्या दुकानात धापा टाकत पोचली, तेव्हा ईप्सिता कव्हर निवडत होती.

“बरी आलीस! मरून की काळं? आणि आभारात तुझं नाव गाइडच्याही आधी घातलंय, कळलं का? पार्टी हवी तुझ्याकडून.”

“ईप्सी, छापू नकोस. खिडकी मी मोजलीच नव्हती.”

“म्हणजे? ‘चित्रात’ असं लिहिलं होतंस तू.”

“तीनच बिंदू घेतले होते. तिन्ही झग्यावर. आज मोजली. ती नंतरची आहे.”

“आणि मी त्यावर चाळीस पानं लिहिली! आम्ही साहित्यवाले अंदाज ठोकतो म्हणायचीस ना?”

मैथिली ते खरंच म्हणाली होती. दोनदा.

ईप्सितानं काउंटरवरून पेन ड्राइव्ह परत घेतला. “सोमवारी शेवटची तारीख आहे.”

“मुदतवाढीसाठी तुझ्या प्रोफेसरांना मी मेल करते. लिहिते, की खिडकी नंतरची असण्याची थोडी शक्यता राहिली होती...”

“शक्यता नाही. मोजलं नाही, असं लिही.”

मैथिली दुकानाच्या पायरीवर बसली. पहिलं वाक्य तिनं तीनदा लिहिलं. दर वेळी त्यात मशीनची वेळ संपल्याचं कारण शिरत होतं. ईप्सिता बाजूला उभी राहून स्क्रीनकडे बघत होती. चौथ्यांदा मैथिलीनं कारण काढून टाकलं आणि मेल पाठवला.