टिमकीतला निळा दरवाजा

गणपतराव उमाटे थकले होते, आणि तो थकवा नुसता पायांचा नव्हता. चित्रकला महाविद्यालयात शिकवायला लागल्यापासून दर रविवारी सकाळी ते विद्यार्थ्यांना घेऊन नागपूरच्या गल्ल्या पायी पालथ्या घालत. चालायचं, ओट्यावरच्या माणसांशी बोलायचं, मगच कागद काढायचा. शहर पायाखालून गेल्याशिवाय हाताला कळत नाही, असं ते म्हणत. त्यावरच त्यांनी प्रबंध लिहिला. परीक्षकांनी तो परत पाठवला : फिरण्याला आणि गप्पांना संशोधन म्हणता येत नाही.

मग मुलं गळत गेली. उरले ते एकटे चंपतराव, हौसेनं सोबत येणारे पोस्टातले कारकून. त्यांना धड रेघ ओढता येत नसे, पण त्यांनी सोबत कधी चुकवली नाही. पौषात तेही छातीत कळ येऊन गेले.

फाल्गुनातल्या त्या रविवारी गणपतराव गांधीसागर तलावाच्या काठावर उभे होते ते हे सगळं आता बंद करायचं, असं मनाशी ठरवूनच. कोणी आलं नव्हतं. ते निघणार तेवढ्यात समोरून सत्यवतीवहिनी आल्या. चंपतरावांची बायको.

"भाऊजी, तुम्ही कुठं कुठं फिरता ते मले दाखवा," त्या म्हणाल्या.

"वहिनी, ऊन तापेल. लांब आहे."

"तापू द्या. इतकी वर्षं हा माणूस रविवार आला की घरातून निघे. चित्र तर एक नाही आणलं. विचारलं तर म्हणे, टिमकीत एक निळा दरवाजा आहे, फार सुंदर. खरं सांगू? मले वाटे, दरवाज्यामागं कोणी बाई असंल."

गणपतरावांना हसू आलं नाही. ते चालू लागले.

महाल मागे पडला, इतवारीची दुकानं अजून उघडायची होती. सत्यवतीबाई मधूनमधून गुडघा धरून उभ्या राहत, पण परत फिरायचं नाव घेत नसत. टिमकीच्या गल्लीत मागांची खटखट ऐकू येऊ लागली. कोष्ट्यांनी रस्त्यावरच मागासाठी लांब सुतांचा ताणा पसरला होता. त्याच्या कडेकडेनं अंग चोरून दोघं पलीकडे गेली.

दरवाजा तिथंच होता. रंग पार उडालेला, एक फळी निखळलेली. गणपतरावांनी त्याची किती चित्रं काढली होती, पण आज तो त्यांना नुसता जुना दरवाजा दिसला.

चाहूल लागून आतून अंजनाबाई बाहेर आल्या. कोष्ट्याघरची म्हातारी, तोंडात एकही दात नाही.

"मास्तर, लई दिवसानं! अन् ते पाणी मागणारे भाऊ काहून नाही आले?"

गणपतरावांनी वहिनींकडे पाहिलं. सत्यवतीबाईच म्हणाल्या, "ते गेले, माय. मी त्यायची बायको."

म्हातारीनं त्यांचा हात धरून ओट्यावर बसवलं. पाणी दिलं.

"तिळाचे लाडू तुम्हीच देत होत्या ना वं?" अंजनाबाई म्हणाल्या. "दर खेपेले आणून देत. मी आपली भिजवून खाये."

"अवं, ते तर मी त्यायच्यासाठी बांधून देई!" सत्यवतीबाईंचा आवाज चढला. "घरी येऊन म्हणत, लई चांगले झाले होते." आणि त्या हसायला लागल्या, हसता हसता पदर तोंडाशी गेला. म्हातारी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

गणपतराव शेजारी उभेच होते. लाडू द्यायला चंपतराव याच ओट्यावर बसत असणार, गणपतरावांच्या पाठीमागं, दोन हात अंतरावर. त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. ते दरवाजा काढत होते. प्रबंधात या गल्लीवर अख्खं प्रकरण होतं, पण हे नव्हतं. परीक्षकांवर इतके दिवस धरलेला राग त्यांनी चाचपून पाहिला. तोही दमलेला निघाला.

परतताना सत्यवतीबाईंना पाऊल उचलवेना. गणपतरावांनी गांजाखेत चौकात सायकलरिक्षा थांबवली आणि स्वतःही बसले. रविवारी ते पहिल्यांदाच चाकावर बसत होते. त्यांनी डोळे मिटले.

"झोपले काय, भाऊजी?"

"नाही."

"म्हातारीले सांगून आली, येईन म्हणून. एकटीले गल्ली सापडायची नाही."

गणपतरावांनी डोळे उघडले. टाचा ठणकत होत्या.

"हळू चालाल तर येतो," ते म्हणाले.