अर्धा प्याला

मित्रांनो, माझ्या पोटावर स्वतःचे तोंड बघायला जाऊ नका. नाक भोपळ्याएवढे दिसेल. मी एक जुना पितळी समोवार आहे. माझ्या मधल्या नळीत निखारे टाकतात, भोवतीचे पाणी उकळते आणि तोटीतून चहाच्या किटलीत पडते. माझे पोट चांगले सुटलेले आहे, त्यामुळे समोर बसणारा प्रत्येक माणूस मला वाकडाच दिसतो. त्यातून माझा स्वभावही संशयी झाला. कुणी फार गोड बोलू लागले की मी आधी त्याच्या हातांकडे बघतो.

किर्गिझस्तानातल्या उझगेन गावच्या बसथांब्यासमोर आमचा चहाखाना आहे. त्याची मालकीण नोरबीबी, सगळ्यांची आपा म्हणजे ताई. तिच्या आईने मला इथे आणले, तेव्हा मी नवा कोरा होतो. ओश शहराकडे जाणारे ड्रायव्हर माझ्या पाण्याचा चहा घेतल्याशिवाय गाडी सुरू करत नसत. सणाला मला राखेने घासत, मग मी असा चमकायचो की मुले माझ्यासमोर वेडावून दाखवायची. पुढे विजेची किटली आली. तिचे पाणी चुटकीसरशी उकळे, आणि मला मात्र निखारे पेटेपर्यंत दम धरावा लागे. मग माझी रवानगी दाराजवळच्या फळीवर झाली आणि माझ्या कानांत किल्ल्या लटकू लागल्या. फार वाईट वाटले. पण फळीवरून सगळा चहाखाना दिसे, एवढे एक बरे होते.

आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला प्याला अर्धाच भरून देतात. अर्धा म्हणजे, बसा, घाई करू नका, अजून ओतायचा आहे. काठोकाठ भरलेला प्याला समोर आला की शहाण्याने समजावे, एवढा प्यायचा आणि उठायचे.

तर या चहाखान्यात जेबिनिसो कामाला लागली. ती परदेशी हॉटेलात नोकरी आहे म्हणून गेली होती. तिथे तिचा पासपोर्ट काढून घेतला आणि तिला शिवणाच्या कारखान्यात कोंडले. पगार नाही, सुट्टी नाही. शेजारच्या एका बाईला दाराचे बाहेरून लावलेले कुलूप खटकले, तिने मदत करणाऱ्या संस्थेला फोन केला, म्हणून ही सुटली. घरी आली तर गावाने हिच्याकडेच संशयाने पाहिले. "काय काय करून आलीये कोण जाणे!" बायका कुजबुजत. एर्गाश बाबा म्हणून एक म्हातारे रोज येत, जन्मभर बस चालवलेले. ते तिला किटलीला हातही लावू देत नसत. "नोरबीबी, तूच ओत गं," म्हणत. जेबिनिसो मान खाली घालून आत जाई.

आपाने तिला कधी काही विचारले नाही. एकदाच म्हणाली, "सांगावंसं वाटलं तर सांग. नाही वाटलं तर प्याले विसळ. पगार दोन्हीला तेवढाच." मला ही बाई तेव्हापासून सरळ दिसू लागली.

एका दुपारी सालोमत खाला, म्हणजे मावशी, म्हणवणारी एक बाई आली. रेशमी रुमाल, अंगठ्या, तोंडात साखर. सोबत सुरायो नावाची पोर, शाळा नुकतीच संपलेली. त्यांना न्यायला गाडी येणार होती. आपाने सुरायोला विचारले, "कुठे निघालीस गं?" उत्तर खालाने दिले, परदेशी हॉटेलात, नोकरीला. "भूक लागलीये का?" तेही खालानेच सांगितले. पोरीने पाणी प्यायचे झाले तरी खालाकडे बघून हात पुढे केला. मी फळीवर ताठ झालो.

"काही काळजी करू नकोस राणी," खाला म्हणाली, "तिकडे तुला बहिणीसारखं ठेवतील."

जेबिनिसोच्या हातातून प्याला निसटला आणि फुटला. तिने आपाला पडद्यामागे ओढले. "आपा, हेच. मला तिकडे नेणारी बाईही अगदी हेच म्हणाली होती. ह्याच शब्दांत."

"झालं!" एर्गाश बाबा पडद्याजवळ येऊन पुटपुटले. "हिला आता सगळीकडे तेच दिसणार. अहो, चांगल्या घरची बाई आहे ती!"

आपाने गुपचूप विजेच्या किटलीची वायर काढली आणि बाहेर येऊन कपाळाला हात लावला. "मेली वीज गेली! पण पाहुण्यांना चहाशिवाय कशी सोडू? जुना समोवार पेटवते."

किल्ल्या खाली ठेवून तिने मला उचलले आणि अंगणात, उघड्या दारासमोर ठेवून पेटवले. इतक्या वर्षांनी माझा संथपणा कुणाच्या तरी कामी येत होता. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. खाला उठली. तेव्हा एर्गाश बाबाच आडवे आले. "म्हणजे काय? आमच्या आपाने समोवार पेटवला आणि तुम्ही तशाच निघालात? बसा, बसा! गाडी थांबेल." चार लोकांदेखत खानदानी बाईचे सोंग घेतलेले, ते मोडायचे कसे? खाला बसली. बाबांना आपण काय केले याचा पत्ताही नव्हता.

"सुरायो, बाळा, अंगणात ये, जरा फुंकर घाल," आपा म्हणाली. आत तिने जेबिनिसोला सोडवणाऱ्या संस्थेला फोन लावला. अंगणात माझ्या धुरात जेबिनिसो सुरायोजवळ बसली.

"हॉटेल कुठल्या गावात आहे गं?"

"खालाला माहीत."

"पासपोर्ट?"

"खालाकडेच. मी हरवेन म्हणून."

जेबिनिसो निखारे सारखे करत म्हणाली, "माझाही असाच सांभाळला होता. मी सांगते म्हणून विश्वास ठेवू नकोस. फक्त एकदा मागून बघ. बाई चांगली असेल तर लगेच देईल."

सुरायो निखाऱ्यांवर फुंकर घालत राहिली. मला वाटले, गेली ही पोर हातची. मग ती उठली आणि आत जाऊन म्हणाली, "खाला, माझा पासपोर्ट द्या ना."

"वेडी आहेस का? विमानतळावर देईन."

"आत्ताच द्या."

"तुला पोचवायचं तुझ्या आईबापाला कबूल केलंय मी! गप चल!" खालाने तिचे मनगट असे धरले की बोटांचे वळ उठले. एर्गाश बाबांनी ते मनगट पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला.

आपाने शांतपणे चहाची किटली उचलली. सुरायोला प्याला अर्धा दिला. खालाचा भरला, अगदी काठोकाठ, बशीत सांडेपर्यंत.

खालाला त्याचा अर्थ बरोबर कळला. मनगट सोडून, पिशवी छातीशी धरून ती गाडीकडे पळाली. बाबा काठी टाकून मागे धावले आणि गाडीचा नंबर मोठ्याने वाचत परत आले. आपाने तो फोनवर संस्थेला कळवला, संस्थेने पोलिसांना. पोलिसांनी गाडी पुलापलीकडे अडवली, तेव्हा त्या पिशवीत सुरायोच्याच नव्हे, आणखी मुलींच्याही पासपोर्टांची थप्पी निघाली.

सुरायो माझ्याशेजारी रडत बसली होती. एर्गाश बाबांनी आपला प्याला जेबिनिसोपुढे धरला.

"पोरी, तूच ओत," ते म्हणाले. "अन् अर्धाच हं. मला बसायचंय."

तिने ओतला. बराचसा बाहेरच सांडला.

आता मी पुन्हा चुलीशेजारी असतो. मित्रांनो, संशय घ्यायला लाजू नका. जो दुसऱ्याचा पासपोर्ट सांभाळतो, दुसऱ्याच्या वतीने बोलतो, बाहेरून कुलूप लावतो, त्याचा संशय घ्या. भांडायला जाऊ नका, फोन करा, आणि मदत येईपर्यंत अडकलेल्या माणसाला एकटे सोडू नका. पण जी कुणी सुटून घरी आली असेल, तिच्याकडे असे वाकडे बघू नका. ते माझे काम आहे, माझे पोटच तसे आहे. तुम्ही तिला जवळ बसवा आणि प्याला अर्धाच भरा.