चिंगळीला दिलेल्या खोट्या शिट्ट्या

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर कुकर आहे. पाच लिटरचा, ॲल्युमिनियमचा, एक कान तुटलेला. माझ्या हातून एक पाप झालं आहे. कुकरला हात नसतात, दांडा असतो. पण दांड्यातून पाप झालं असं म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे मला दाबलं, घासलं, चकाकवलं आणि पाणी भरून माझी परीक्षा घेतली. मी पास झालो. पुढे बावीस वर्षांत माझी परीक्षा एकदाच झाली. तिच्यात मी नापास झालो.

बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्ककडे पाठ करून उभ्या असलेल्या एका सोसायटीत, पहिल्या मजल्यावर जानकीबाई आणि सहदेवराव राहतात. माणसं मूळची देवगडकडची. सहदेवराव तरुणपणी गिरणीत होते, ती बंद पडल्यावर एका गोदामात लागले, आणि आता रिटायर होऊन खिडकीत बसतात. या घरात मी रोज दोनदा गॅसवर चढत आलो. पाहुणे जेवून वरणाची स्तुती करायचे, भाताची करायचे. कुकरची कुणी केली नाही. मी ते मनाला लावून घेतलं नाही. थोडं घेतलं.

सहा वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक मांजरीचं पिल्लू आत आलं. कोळंबीच्या पिल्लासारखं वाकडं आणि एवढंसं. जानकीबाईंनी तिचं नाव चिंगळी ठेवलं आणि त्या दिवसापासून माझ्यात तिसरा डबा आला. खाली वरण, मध्ये भात, आणि वर छोट्या डब्यात बांगड्याची डोकी, मीठ-मसाला काही न घालता. वरणाला वास लागतो अशी सहदेवरावांची तक्रार होती, पण देवगडच्या माणसाची ही तक्रार कोण ऐकणार? सोमवारी आणि गुरुवारी घरात मासे शिजत नसत. त्या दिवशी दूधभात. चिंगळीही वार पाळते, असं जानकीबाई कौतुकानं सांगत. चिंगळीला कुणी विचारलं नव्हतं.

वेळा मात्र ठरलेल्या. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी सात. घरात लग्न असो की ताप असो, या दोन वेळांना मी शिट्टी द्यायचो. आमच्या विंगमध्ये चौदा कुकर आहेत, आणि सगळे साधारण त्याच सुमाराला ओरडतात. पण चिंगळी कुठेही असली, मागच्या भिंतीवर, गुलमोहरावर, तरी माझी पहिली शिट्टी झाली की खिडकीतून आत यायची आणि उंबऱ्यावर बसायची. पुढे दोन शिट्ट्या, मग गॅस बंद, मग वाफ जिरायची, डबा निघायचा, निवायचा. तोवर अर्धा तास. तेवढा वेळ ती जागची हलत नसे. ताटली समोर येणारच, याबद्दल तिला शंका नव्हती.

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि जानकीबाई लेकीच्या, श्वेताच्या, बाळंतपणाला तीन महिने नाशिकला गेल्या. जाताना त्यांनी नवऱ्याला औषधं कुठे आहेत ते सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की तुम्ही डबा लावा नाहीतर हॉटेलात जेवा, पण चिंगळीचं साडेआठ आणि सात चुकवायचं नाही.

पहिला आठवडा सहदेवरावांनी नेटानं केलं. त्यांचा स्वतःचा डबा बाहेरून यायचा आणि मी फक्त चिंगळीसाठी चढायचो. मग एका दुपारी चार वाजता शेजारचा प्रबुद्ध गजाली करायला आला. हा बँकेत आहे, तेव्हा रजेवर होता, तिशीतला, सहदेवरावांना काका म्हणतो. बोलता बोलता सहदेवरावांनी फुशारकी मारली, की चौदा कुकरांत आमची मांजर आमचाच ओळखते. प्रबुद्ध म्हणाला, "काय सांगता काका, दाखवा ना."

सहदेवरावांनी माझ्यात पेलाभर पाणी घातलं. नुसतं पाणी. गॅस मोठा केला. मी शिट्टी दिली, आणि दहा मोजायच्या आत चिंगळी उंबऱ्यावर हजर.

"झकास," प्रबुद्ध म्हणाला. "काका, कुकर काय भारी आहे तुमचा."

मित्रांनो, बावीस वर्षांत माझं झालेलं हे पहिलं कौतुक. दोघांनी चहा घेतला, हसले, आणि अर्ध्या तासानं सहदेवरावांनी माझं झाकण काढून पाणी मोरीत ओतलं. चिंगळीनं आधी मोरीकडे पाहिलं, मग ताटलीकडे. ताटली कोरडी होती. ती थोडा वेळ तशीच बसून राहिली, आणि मग आली तशी गेली.

दुसऱ्या दिवशी प्रबुद्धनं आणखी दोघांना आणलं. तिसऱ्या दिवशी कुणी नातवंडं आणली. सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ गेला. दुपारी चार हा आमचा खेळाचा वेळ झाला, रविवारी दोन खेळ. कुणी तिला बिस्किटाचा तुकडा टाकी, बहुतेक वेळा कुणी काही टाकत नसे. आणि या कौतुकात सातचं जेवण हळूहळू घसरलं. कधी सव्वाआठला, कधी बाहेरच्या डब्यातली पोळी, कधी "दुपारी खाल्लंय ना तिनं" एवढ्यावरच. गिरणीचा भोंगा वाजून गेटला कुलूप असणं म्हणजे काय, हे सहदेवरावांनी भोगलेलं होतं. त्यांना ते आठवलं नाही. मला तर सगळंच दिसत होतं. चिंगळी आधी धावत यायची, मग चालत येऊ लागली, मग खिडकीपर्यंतच येऊन आत डोकवायची. वाफ दाबून धरणं हा माझा धंदा आहे. त्यातली एक शिट्टी मला गिळता आली नसती का? पण समोर पाच-सहा माणसं माझ्याकडे बघत असायची. मी जोरात द्यायचो.

जानेवारीतली गोष्ट. संध्याकाळचे साडेसहा. वॉचमननं ग्रुपवर टाकलं, की मागच्या भिंतीपलीकडे बिबट्या दिसला, मुलं आणि जनावरं आत घ्या. आमच्याकडे बिबट्या येतो तो कुत्र्यामांजरांसाठीच. सहदेवरावांनी खिडकीतून पाहिलं. चिंगळी भिंतीवर बसली होती, जंगलाकडे पाठ करून.

त्यांनी हाका मारल्या. ती हलली नाही. मग त्यांनी मला उचललं. घाईत पाणी निम्मं बाहेर सांडलं. गॅस मोठा. मी जीव तोडून शिट्टी दिली. चिंगळीनं एक कान फिरवला. दुसरी दिली, तिसरी दिली. तिनं खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होतो असं नाही, पण इतक्या गरजेनं कधी बोललो नव्हतो. सातव्या शिट्टीला पाणी संपलं, आठवी आलीच नाही, आणि माझा सेफ्टी वॉल्व्ह उडून छताला लागला.

सहदेवरावांनी गॅस बंद केला. स्वतःच्या डब्यातला सुरमईचा तुकडा ताटलीत घेतला आणि अनवाणी खाली गेले. मागून प्रबुद्ध काठी घेऊन धावला. पुढचं मी खिडकीतून पाहिलं.

सहदेवरावांनी भिंतीपासून थोडं लांब ताटली ठेवली आणि खाली बसले. सत्तरीच्या माणसाला बसायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला.

"ये गं बाय," ते म्हणाले. "आज खरंच आहे."

चिंगळीनं ताटलीकडे बराच वेळ पाहिलं. मग उतरली. आधी वास घेतला, मग खायला लागली. प्रबुद्ध दबक्या आवाजात म्हणाला, "उचला काका तिला आणि चला, वाट लागेल आपली."

"जेवू दे तिला," सहदेवराव म्हणाले. "पुष्कळदा उपाशी उठवलंय मी तिला."

भिंतीकडे तोंड करून, काठी धरून, प्रबुद्ध उभा राहिला. चिंगळीनं काटा चाटून स्वच्छ केला. मग सहदेवराव उठले आणि ती त्यांच्या मागून घरी आली. बिबट्या त्या दिवशी दुसरीकडून निघून गेल्याचं नंतर कळलं. तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला नवा वॉल्व्ह बसला. चारचे खेळ बंद झाले. साडेआठ आणि सात पुन्हा सुरू झाले, बांगड्याच्या डोक्यांसकट. चिंगळी जेवायची, पण माझ्या शिट्टीला आली नाही.

फेब्रुवारीत जानकीबाई परतल्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला चढवलं, शिट्टी झाली, आणि भिंतीवरची चिंगळी तिथेच राहिली. जानकीबाईंनी नवा वॉल्व्ह पाहिला. आवाज बिघडला असणार, मांजराला ओळखू येत नाही, उद्या हा भंगारात देऊन नवा आणते, असं म्हणून त्यांनी मला कट्ट्याखाली ठेवलं. शिक्षा चुकीच्या कारणासाठी होती, पण चुकीच्या कुकरला नव्हती.

सहदेवराव खिडकीत होते.

"देऊ नकोस त्याला," ते म्हणाले. "आवाज ठीक आहे. मीच तिला रिकाम्या ताटलीवर बोलावलं. लोकांना दाखवायला."

जानकीबाई ओट्याशी थांबल्या. "किती वेळा?"

"मोजलं नाही."

"तिनं मोजलंय," जानकीबाई म्हणाल्या, आणि बांगड्याची डोकी धुवायला घेतली.

तर मित्रांनो, मी भंगारात गेलो नाही. मांजर पाळलीत तर तिच्या दोन वेळा सांभाळा. तिला घड्याळ कळत नाही, तुम्ही कळता. आणि जेवायला हाक मारलीत तर ताटलीत काहीतरी असू द्या. मी रोज सकाळ-संध्याकाळ शिट्टी देतो. चिंगळी येते ती ताटली फरशीवर टेकल्यावर, त्याआधी नाही. परवा मात्र पहिल्या शिट्टीला तिनं डोकं वर केलं. उठली नाही. दुसरी मी जरा हळू दिली.