दालनातलं खळं

इंदूबाईनं खळं चोपून-सारवून ठेवलं, तिथंच तिचं चुकलं. दुसरी मोठी लढाई संपली त्या साली, पुण्याहून मुंबईच्या एका संग्रहालयाकडे निघालेला ट्रक घाट उतरला आणि खोपोलीच्या पुढं मोडला. त्यावर एक जुनं विमान होतं, लाकडाचं, कापडी पंखांचं. 'दोन दिवस ठेवतो' म्हणून इद्रिस ड्रायव्हरनं ते तिच्या खळ्यावर उतरवलं. दोनाचे वीस झाले. शेतात कापल्या भाताचे भारे तसेच पडून, उंदरांची नुसती चंगळ, आणि वर्षाचं पोट तेवढ्याच भातावर!

शेवटी संग्रहालयाचे साहेब आले. वाकून त्यांनी खळ्यावर हात फिरवला आणि हरखलेच.

"कोरडं, सपाट, उंचावर! बाई, आमचं दालन पावसात गळतं हो. विमान दुर्मिळ आहे, ते आता इथंच राहील."

"अन् मी भात कुठं झोडू? तुमच्या डोस्क्यावर?"

साहेबांनी खरोखरच विचार केला. "आमचं दालन रिकामंच आहे."

आता बोला! ट्रक दुरुस्त झालाच होता. इद्रिसनं त्यातच भारे चढवले, पुढं इंदूबाईला बसवलं आणि मुंबई गाठली.

गुळगुळीत फरशीवर झोडणी सुरू झाली. बघायला ही गर्दी! पण रीत ती रीत. खळ्यावर आलेल्याला रिकाम्या हातानं धाडत नाहीत. तिनं पहिला पसाभर भात साहेबांनाच दिला. त्यांनी लाजत लाजत कोटाच्या खिशात घातला.

चौथ्या दिवशी पोती भरली, तर साहेब दारात आडवे आले.

"भात नेता येणार नाही. दालनातल्या वस्तूची नोंद होते. नोंदलेली वस्तू बाहेर जात नाही."

इंदूबाईला रडूच फुटलं. मेल्याच्या नियमापायी पोरांनी वर्षभर काय खायचं? मग तिनं पदरानं नाक पुसलं.

"सायेब, तुमाला दिलेला पसा कुठं हाय?"

"तो... घरी नेला."

"मंग?"

"हिनं कांडून पेज केली. छान झाली होती."

"म्हंजे नोंदलेली वस्तू तुमी बाहेर नेली, वर पिऊन बसलात! बोलवू पोलिसाला?"

साहेब बाजूला झाले. इद्रिसनं भराभर पोती चढवली. ट्रकमध्ये चढता चढता इंदूबाई वळली.

"अन् सायेब, उद्या या खळ्यावर. तुमाला बी रिकाम्या हातानं धाडायची नाय. ते विमान घेऊन जा."