चाळीस मिनिटांवरची वाडी

जुन्या टपाल कचेरीत चौदा वह्या होत्या. तीन वाळवीने खाल्लेल्या, अकरा वाचण्याजोग्या. आत्या जन्मली ती वाडी कधीच उठून गेली होती, नकाशातही नव्हती. बाबा चिडवायचे, "ताई, तू आभाळातूनच पडलीस!" म्हणून भाचीने वह्या चाळल्या. पोस्टमन अंतराऐवजी चालायचा वेळ लिहायचा: गिरणीपासून वाडी, चाळीस मिनिटं.

दोघी गिरणीपासून निघाल्या. भाची तेवढा वेळ झपाझप चालली, तर पुढे नुसतं माळरान. मागे राहिलेल्या आत्याने हाक मारली, "अगं, तू रिकाम्या हाताने पळतेस! पोस्टमनच्या पाठीवर टपालाचं पोतं असायचं. मागे ये!"

आत्यापाशीच झुडपांत विहीर निघाली.

"एकोणीस पायऱ्या असतील बघ," आत्या म्हणाली.

भाचीने मोजल्या. अठरा पाण्याबाहेर, एक पाण्याखाली.